प्रश्न वाचकांचे: अतिजोखमीची औषधं वॉर्डात हाताळताना

अतिजोखमीच्या औषधांबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकांची आहेत. ही औषधं धोक्याची आहेत हे प्रत्येकीला माहीत आहे. अडतं ते त्याच्या पुढे: अँप्युलमध्ये (औषधाच्या बंद कुपीत) नेमकं किती औषध आहे, ते किती वेगाने सोडायचं, पुढच्या तासाभरात काय बघायचं आणि उतारा कुठे ठेवलाय. म्हणून उत्तरं शक्य तिथे आकड्यांतच दिली आहेत. आकडे प्रौढ रुग्णांसाठी आहेत. तुमच्या रुग्णालयाची लेखी पद्धत वेगळी असेल तर तीच पाळा.

प्रश्न: मॉर्फिन आणि रक्त पातळ करणारं हेपारिन यादीत का आहेत ते कळतं. पण ५० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) आणि चक्क निर्जंतुक पाणीसुद्धा अतिजोखमीच्या यादीत कसं? (नर्सिंगची विद्यार्थिनी)

औषध किती विषारी आहे यावरून ही यादी ठरत नाही. चूक झाली तर रुग्णाला किती मोठी इजा होईल, यावर ती ठरते. जीवनसत्त्वाची गोळी तासभर उशिरा गेली तर सहसा काही बिघडत नाही. पोटॅशियम दहापट वेगाने गेलं तर हृदय थांबतं.

निर्जंतुक पाण्याची लिटरची पिशवी सलाईनच्या पिशवीसारखीच दिसते. ते पाणी नुसतंच शिरेतून गेलं तर तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. ५० टक्के डेक्स्ट्रोज शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी आणि मांस मरतं. ३ टक्के सलाईनने रक्तातलं सोडियम फार भराभर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यादीतले मोठे गट असे: इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, तीव्र क्षारद्रावणं, मॉर्फिनच्या कुळातली वेदनाशामकं, गुंगीची औषधं, स्नायू शिथिल करणारी औषधं, कर्करोगाची औषधं आणि रक्तदाब चढवणारी औषधं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची जागतिक मोहीम सुरू केली, त्यातही अतिजोखमीच्या परिस्थितींना अग्रक्रम आहे.

प्रश्न: पोटॅशियम कमी आलं की ‘४० एमईक्यू (मिलीइक्विव्हॅलंट, क्षार मोजण्याचं एकक) सलाईनमध्ये घाला’ अशी ऑर्डर येते. आमच्याकडे चालू असलेल्या, लटकवलेल्या पिशवीतच अँप्युल टोचतात. हे चालतं का? (स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड)

चालत नाही, आणि ही सवय आजच्या आज मोडायला हवी. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण सलाईनपेक्षा जड असतं. लटकवलेल्या पिशवीच्या खालच्या तोंडातून ते टोचलं की तिथेच तळाशी साचून राहतं. रुग्णाला पहिल्या काही मिनिटांत जाते ती जवळजवळ निव्वळ पोटॅशियमची धार. उरलेल्या पिशवीत फार काही शिल्लकच नसतं. कागदावर ४० एमईक्यू चार तासांत गेलेलं दिसतं, हृदयावर मात्र त्यातला मोठा वाटा एकदम येऊन आदळलेला असतो.

बरोबर रीत अशी. आधी लेबल वाचा. १५ टक्क्यांच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये १.५ ग्रॅम, म्हणजे २० एमईक्यू पोटॅशियम असतं. दर मिलीला २. ताकद वेगळी असेल तर हिशेबही बदलतो. ४० एमईक्यूसाठी अशा दोन अँप्युल लागतील. हाताच्या साध्या शिरेतून द्यायचं असेल तर लिटरमागे ४० एमईक्यूपेक्षा जास्त तीव्रता नको, म्हणून १००० मिलीची नवी पिशवी घ्या. पिशवी स्टँडवर नसताना औषध घाला, किमान दहा वेळा उलटसुलट करा, लेबल लावा आणि मगच लटकवा. वेग तासाला १० एमईक्यू, म्हणजे या पिशवीसाठी तासाला २५० मिली. थेंब मोजण्यावर विसंबू नका, पंप लावा. तासाला २० एमईक्यूपर्यंतचा वेग फक्त हृदयाचा मॉनिटर लावलेल्या रुग्णाला, मोठ्या शिरेतून आणि डॉक्टरांच्या स्पष्ट लेखी ऑर्डरवर. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाला एवढं पाणी सोसणार नाही असं वाटलं तर पिशवी बनवण्याआधी विचारा.

लावण्यापूर्वी लघवी किती होतेय ते पाहा. ती तासाला दर किलोमागे अर्धा मिलीपेक्षा कमी असेल तर पोटॅशियम बाहेर पडायला वाट नाही. आधी डॉक्टरांना कळवा. रुग्ण ‘हात जळतोय’ म्हणाला तर वेग कमी करा, शीर तपासा. मॉनिटरवर हृदयाच्या आलेखातल्या टी लहरी उंच, टोकदार दिसू लागल्या किंवा नाडी मंदावली तर पोटॅशियम लगेच थांबवा आणि डॉक्टरांना हाक मारा. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली हाताशी असलं पाहिजे. पोटॅशियमची अँप्युल सरळ सिरिंजने शिरेत कधीही देत नाहीत, अगदी हृदय बंद पडतानाही नाही.

खरा उपाय त्याहून सोपा आहे. तीव्र पोटॅशियम वॉर्डाच्या साठ्यातून काढून टाका आणि औषधविभागातून तयार मिसळलेल्या पिशव्या मागवा. हे जमत नसेल तर निदान कुलपात, वेगळ्या खणात, लाल लेबल लावून ठेवा. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) किंवा निर्जंतुक पाण्याच्या अँप्युलशेजारी तर अजिबात नको.

प्रश्न: इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज ट्रेमध्ये एकत्र पडलेल्या असतात. फरक पडतो का? (रात्रपाळीची परिचारिका)

अडीचपट पडतो. ज्या व्हायलवर (रबरी बुचाच्या बाटलीवर) ४० लिहिलंय तिच्यात दर मिलीला ४० युनिट, १०० लिहिलंय तिच्यात दर मिलीला १००. सिरिंजही त्या त्या ताकदीसाठी आखलेल्या असतात; सहसा ४० ची टोपी लाल, १०० ची नारिंगी. पण रंगावर विसंबू नका, नळीवरचा आकडा वाचा. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजने ‘१०’ च्या रेघेपर्यंत ओढलं तर हातात पाव मिली, म्हणजे २५ युनिट येतात. उलट केलं, ४० ची व्हायल आणि १०० ची सिरिंज, तर १० ऐवजी ४ च युनिट जातात. पहिल्या चुकीने रुग्ण रात्री बेशुद्ध पडतो. दुसरीने साखर उतरत नाही, सकाळी डोस वाढवला जातो, आणि मग कोणीतरी बरोबर सिरिंज वापरली की साखर धाडकन कोसळते. ट्रेमध्ये एकाच ताकदीची व्हायल आणि एकाच ताकदीची सिरिंज ठेवणं हा एकमेव खात्रीचा बंदोबस्त.

सिरिंज पंपासाठी रेग्युलर इन्सुलिन बनवताना ५० युनिट एकूण ५० मिली सलाईनमध्ये घेतात, म्हणजे दर मिलीला १ युनिट. १०० च्या व्हायलमधून हे ०.५ मिली होतं, ४० च्या व्हायलमधून १.२५ मिली. ते इन्सुलिनच्या सिरिंजनेच मोजा. साध्या सिरिंजवर मिलीचे आकडे असतात आणि घाईत मिली आणि युनिट यांची गल्लत होते. नळी जोडल्यावर सुरुवातीचं साधारण २० मिली द्रावण नळीतून वाहू द्या आणि टाकून द्या. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. हे केलं नाही तर पहिले काही तास रुग्णाला ठरल्यापेक्षा कमी मिळतं. ते २० मिली वजा करूनच पंपातल्या शिल्लक द्रावणाचा हिशेब धरा.

‘पाण्यासारखं स्वच्छ ते शिरेतून चालतं’ हा जुना ठोकताळा आता धोक्याचा आहे. ग्लार्जिन हे बराच वेळ टिकणारं इन्सुलिनसुद्धा स्वच्छच दिसतं, पण ते फक्त कातडीखाली द्यायचं. ऑर्डरमध्ये आकड्याला चिकटून इंग्रजी यू लिहिला तर घाईत तो शून्यासारखा वाचला जातो आणि १० चे १०० होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहून मागा. आणि रेग्युलर इन्सुलिन टोचण्याआधी जेवणाचं ताट खरंच येतंय का, रुग्णाला उपाशी ठेवायला सांगितलंय का, हे विचारा.

साखर ७० च्या खाली आली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडातून काही नाही; २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून, म्हणजे २५ ग्रॅम. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) घेणाऱ्या रुग्णात हात थरथरणं, धडधडणं दिसत नाही, घाम मात्र येतो. चादर ओली लागली तर ग्लुकोमीटर आणा.

प्रश्न: अतिजोखमीच्या औषधावर दोघींच्या सह्या लागतात. प्रत्यक्षात दुसरी ‘हो हो, बरोबर आहे’ म्हणत सही करते. मग उपयोग काय? (इनचार्ज सिस्टर, अतिदक्षता विभाग)

अशा सहीचा उपयोग शून्य आहे. उलट नुकसान आहे, कारण पहिलीला वाटतं दुसरी बघेल आणि दुसरीला वाटतं पहिलीने बघितलंच असेल. ‘मी साडेचार लावलाय, बरोबर ना?’ असं विचारलं की समोरचीच्या डोक्यात साडेचार आधीच बसतो. दुसरीने उत्तर माहीत नसताना, मूळ ऑर्डर आणि अँप्युल हातात घेऊन, स्वतः हिशेब करायचा आणि मग दोन उत्तरं ताडायची. तपासणी म्हणायची ती हीच.

रक्तदाब चढवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचं उदाहरण घ्या. ऑर्डर: मिनिटाला दर किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम, वजन ६० किलो, ४ मिलिग्रॅम औषध एकूण ५० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. दुसरीने कागदावर मांडायचं: ०.१ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, तासाला ३६०. सिरिंजमध्ये ४००० भागिले ५०, म्हणजे दर मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ३६० भागिले ८०, तासाला ४.५ मिली. आता पंपाचा पडदा बघा. तिथे ४५ दिसला तर दशांश चिन्हाचं बटण दाबलंच गेलेलं नाही. अँप्युलच्या लेबलवर वजन बेसचं (मूळ औषधाचं) दिलंय की बायटार्ट्रेटचं (त्याच्या क्षाराचं) हेही वाचा. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस. हे न पाहिल्यास सगळी गणितं बरोबर येऊनही डोस दुप्पट किंवा निम्मा होतो.

हिशेब जुळला की नळीवर बोट ठेवून सिरिंजपासून रुग्णाच्या शिरेपर्यंत या. त्या नळीतून दुसरं औषध ढकलू नका आणि ती फ्लश करू नका. नळीत साठलेलं नॉरॲड्रेनलिन एकदम आत जाईल. याचा परिणाम मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो, म्हणून सिरिंज संपण्यापूर्वी दुसरी भरून, लेबल लावून तयार हवी. हाताच्या शिरेतून चालू असेल तर ती जागा दर तासाला उघडून बघा. कातडी पांढरी, गार पडली तर औषध त्या जागेतून बंद करा, दुसऱ्या शिरेतून लगेच चालू करण्याची सोय करा, आणि सुई काढण्याआधी डॉक्टरांना बोलवा, कारण आत झिरपलेलं औषध आधी त्याच सुईतून ओढून घ्यायचं असतं.

एक आग्रहाचं सांगणं. प्रत्येक औषधाला दोन सह्या मागू नका. तीस औषधांना दुहेरी तपासणी लावली की ती कुठल्याच औषधाला नीट होत नाही. इन्सुलिनचा पंप, हेपारिन, पोटॅशियम, रक्तदाब चढवणारी औषधं, मॉर्फिन, केमोथेरपी, एवढ्यांवर ठाम राहा. आणि त्या पाच मिनिटांत तपासणाऱ्या दोघींना कोणी हाक मारायची नाही असा नियम करा. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत परिचारिकांचं निरीक्षण करून २०१० मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध देताना होणाऱ्या दर व्यत्ययामागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत होत्या.

प्रश्न: हेपारिनच्या व्हायलवर ५००० लिहिलेलं असतं. ते एका मिलीत की पूर्ण व्हायलमध्ये? (स्टाफ नर्स, हृदयरोग विभाग)

दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून तर घात होतो. एका ५ मिलीच्या व्हायलमध्ये दर मिलीला १००० युनिट, म्हणजे एकूण ५०००. तशाच दिसणाऱ्या दुसरीत दर मिलीला ५०००, म्हणजे एकूण २५,०००. ‘प्रति मिली’ हे शब्द सापडेपर्यंत सुई टोचू नका. २००६ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या नळ्या धुण्यासाठी दर मिलीला १० युनिटच्या व्हायलऐवजी १०,००० युनिटच्या व्हायल कपाटात भरल्या गेल्या. व्हायल सारख्या दिसत होत्या. तीन बाळं दगावली.

पंप चालू केल्यावर सहा तासांनी एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी), तोही दुसऱ्या हातातून. हेपारिन चालू असलेल्या हातातलं रक्त खोटा आकडा देतं. प्लेटलेटवर लक्ष ठेवा, विशेषतः पाचव्या ते दहाव्या दिवसात. निम्म्याहून जास्त घसरल्या तर हेपारिननेच रक्ताची नवी गाठ होण्याचा धोका असतो. उतारा प्रोटामिन, साधारण १०० युनिटमागे १ मिलिग्रॅम, अगदी हळू. स्नायूतलं इंजेक्शन टाळा. आणि पंपावर हेपारिन असताना केसपेपरवर एनॉक्सापॅरिन हे हेपारिनच्याच कुळातलं औषधही चालू राहिलंय का, हे प्रत्येक हँडओव्हरला बघा.

प्रश्न: ऑपरेशननंतर मॉर्फिन दिलेला रुग्ण शांत झोपला की नातेवाईक ‘उठवू नका’ म्हणतात. श्वास मिनिटाला १२ आणि ऑक्सिजन ९८ असेल तर निश्चिंत राहायचं का? (परिचारिका, शस्त्रक्रिया विभाग)

नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा बोटावरचा आकडा बराच वेळ चांगला राहतो, आत कार्बन डायऑक्साइड चढत असला तरी. आणि श्वास मंदावण्याच्या आधी गुंगी वाढते. आधी न उठवता पूर्ण एक मिनिट छाती बघून श्वास मोजा. मग हाक मारा. डोळे उघडून नीट बोलला तर ठीक. वाक्याच्या मध्येच डोळे मिटत असतील तर पुढचा डोस थांबवा, डॉक्टरांना कळवा, जागेवरून हलू नका. घोरण्याचा आवाज गाढ झोपेचाच असेल असं धरून चालू नका. तो अडलेल्या श्वासनलिकेचाही असतो.

श्वास ८ च्या खाली किंवा रुग्ण जागाच होत नसेल तर ऑक्सिजन, हनुवटी वर, मदतीची हाक आणि मॉर्फिनचा उतारा नॅलॉक्सोन. ०.४ मिलिग्रॅमची अँपुल सलाईन घालून १० मिली करा. दर दोन मिनिटांनी १ ते २ मिली, श्वास सुधारेपर्यंत. श्वासच बंद पडला असेल तर अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देत राहा आणि मोठा डोस लागेल. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, मॉर्फिनचा त्याहून टिकतो. शुद्धीवर आलेला रुग्ण तासाभराने पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, त्यामुळे त्याला लगेच साध्या वॉर्डात हलवू नका.

प्रश्न: झटके टाळण्यासाठी गरोदर स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट देताना नेमकं काय तपासायचं? (प्रसूती विभाग)

प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, आणि लघवी तासाला किमान ३० मिली आहे का. यातली एक जरी नसेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवा. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं. शिरेतल्या ४ ग्रॅमसाठी चार अँप्युल, म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली सलाईन. झालं २० टक्क्यांचं २० मिली. ५० टक्के द्रावण पातळ न करता शिरेत नको. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, हळूहळू. ती अँप्युल त्याच ट्रेमध्ये ठेवा.

प्रश्न: चूक झालीच तर आधी काय? आणि कळवलं तर नोकरी जाईल ही भीती? (नाव न देण्याची विनंती)

आधी औषध थांबवा, शिरेतली सुई मात्र काढू नका. उतारा त्याच शिरेतून जायचाय. नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध बघा, डॉक्टरांना काय गेलं, किती गेलं, कधी गेलं हे सरळ सांगा. अँप्युल, सिरिंज, पिशवी फेकू नका. केसपेपरवर घडलं तेच, वेळेसह लिहा. आधीची नोंद खोडू नका. रुग्णाला आणि घरच्यांना डॉक्टरांसोबत मिळून सांगा.

भीती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात गुंगीच्या मिडाझोलामऐवजी स्नायू लुळे करणारं व्हेक्युरोनियम दिलं गेलं आणि रुग्णाचा मृत्यू झाला. औषधांच्या यांत्रिक कपाटात मिडाझोलामच्या ‘व्हर्सेड’ या व्यापारी नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं टाइप करून ते निघालं होतं. त्या परिचारिकेवर खटला चालला, २०२२ मध्ये ती दोषी ठरली. जगभरच्या परिचारिका हादरल्या, कारण अशाने चुका लपवल्या जातात. आमचं मत स्पष्ट आहे: कळवणारीला शिक्षा करणारं रुग्णालय पुढची चूक स्वतः घडवतं. पण त्या घटनेतून उचलायची गोष्टही आहे. व्हेक्युरोनियम भुकटीच्या रूपात येतं, मिडाझोलाम तयार द्रव असतं. नेहमीचं द्रव औषध अचानक भुकटी निघालं, टोपीवर इशारा दिसला, एका डोससाठी चार-पाच अँप्युल फोडाव्या लागल्या, तर हात थांबवा. स्नायू शिथिल करणारी औषधं साध्या वॉर्डात ठेवूच नयेत.

थोडक्यात टळलेली चूकही कळवा. त्यात नाव नसलं तरी चालेल; कुठल्या दोन व्हायल सारख्या दिसल्या, त्या कुठल्या खणात होत्या, वेळ कोणती होती, एवढं पुरतं.

प्रश्न: आई रुग्णालयात आहे. सिस्टर दर वेळी तिचं पूर्ण नाव विचारतात, दुसरी सिस्टर येऊन पुन्हा तेच बघते. काही गडबड आहे का? (रुग्णाची मुलगी)

गडबड नाही, काम नीट चाललंय. उत्तर आईलाच देऊ द्या. तुम्ही एवढं करा: दाखल होताना तिचं खरं वजन, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि घरी चालू असलेली सगळी औषधं पाकिटासकट दाखवा. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून सांगा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. कुठला वार तेही लिहून द्या, आणि घरी जाताना कागदावर ‘रोज’ लिहिलेलं दिसलं तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. पंप वाजला तर बटण दाबून गप्प करू नका. सलाईनचे थेंब मंद पडलेत असं वाटलं तरी नळीवरचं चाक स्वतः फिरवू नका. बेल दाबून सिस्टरना बोलवा.